आगरी आणि कातकरी

उत्तर कोकणातील दोन समाज. ठाणे, रायगड व पालघर या जिल्ह्यांत त्यांची वस्ती बहुधा एकमेकांच्या शेजारी आढळते. कल्याण तालुक्यात उल्हास व तिची उपनदी काळू यांच्या खोऱ्यात, विशेषतः शहाड, आंबिवली व टिटवाळा या रेल्वेस्थानकांच्या आसपास, मूळ गावठाणात आगऱ्यांची घरे आणि गावाबाहेर नदीकाठी अथवा टेकडीच्या उतारावर कातकऱ्यांची वाडी, अशी रचना अनेक ठिकाणी पाहावयास मिळते. आगरी समाजाचा समावेश महाराष्ट्रात इतर मागासवर्गांत होतो. कातकरी ही अनुसूचित जमात असून कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर तिची गणना राज्यातील तीन आदिम जमातींत केली जाते. एकाच भूमीवर, एकाच पावसावर आणि पुष्कळदा एकाच भातखाचरात राबलेल्या या दोन समाजांच्या आर्थिक स्थितीत गेल्या शंभर वर्षांत मोठे अंतर पडले. त्याची कारणे जातिस्वभावापेक्षा जमिनीच्या दप्तरात शोधणे अधिक योग्य ठरते.

या दोन समाजांची आकडेवारीने तुलना करणे सोपे नाही. जातवार मोजणी १९३१ नंतरच्या जनगणनांतून वगळली गेल्याने आगऱ्यांची लोकसंख्या निश्चित सांगता येत नाही. कातकऱ्यांची मोजणी अनुसूचित जमात म्हणून दर दहा वर्षांनी होत आली असून २०११ मध्ये महाराष्ट्रात त्यांची संख्या सु. २,८५,००० होती. मात्र विटांच्या हंगामात ही कुटुंबे वाडी सोडून भट्टीवर राहतात आणि जनगणना फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन हंगामात होत आलेली आहे, हे हा आकडा वापरताना ध्यानात ठेवणे इष्ट.

आगरी हे नाव ‘आगर’ या शब्दावरून आले. आगर म्हणजे मिठागर. बागाईत जमीन असाही त्याचा अर्थ आहे. मीठ आगरी, ढोल आगरी यांसारखे पोटभेद जुन्या नोंदींत आढळतात. खाडीकाठी बांध घालून खारे पाणी अडविणे, ते वाफ्यांतून फिरवून उन्हाळ्यात मीठ पिकविणे आणि जेथे जमीन गोडी होईल तेथे भात लावणे, या कामांत समाजाचे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे. खाडीपासून आत असलेल्या आंबिवली-टिटवाळ्याकडील आगरी मात्र मुख्यतः भातशेती करणारे. भाताखेरीज वाल, नदीकाठचा भाजीपाला आणि पावसाळ्यातली मासेमारी ही त्यांची पूरक साधने होती. शेतीचे कौशल्य आगऱ्यांचे असले, तरी जमीन प्रायः त्यांची नव्हती. ती खोत, इनामदार, सावकार अथवा मुंबई-कल्याणकडचे भांडवलदार यांच्या नावावर असून आगरी हा कूळ होता.

कातकऱ्यांचे नावही व्यवसायावरूनच पडले. खैराच्या झाडाचे गाभ्याचे लाकूड तासून, ते पाण्यात उकळून काढलेल्या अर्काचा कात तयार करणारे ते कातकरी. काथोडी असेही त्यांना म्हणतात. सोन व ढोर हे त्यांचे प्रमुख पोटभेद होत. १८७८ च्या वन कायद्यानुसार जंगले राखीव होऊ लागली, खैरतोडीवर निर्बंध आले आणि काताचा स्वतंत्र धंदा हळूहळू या जमातीच्या हातून गेला. त्यानंतर कंत्राटदारांसाठी लाकूड तोडून कोळसा पाडणे, मोळी विकणे, नदीत मासे-खेकडे धरणे, कंद खणणे आणि पावसाळ्यात आगरी-कुणब्यांच्या शेतावर लावणी-कापणीची मजुरी करणे यांवर त्यांचा निर्वाह होऊ लागला. मिठावरील सरकारी नियंत्रणाने आगऱ्याचे उत्पन्न घटले तरी त्याचा हात जमिनीवर राहिला. जंगल बंद झाल्यावर कातकऱ्याकडे काही उरले नाही.

वन कायद्याचा जाच दोघांनाही होता. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे अक्कादेवीच्या डोंगरावर झालेल्या जंगल सत्याग्रहात आगरी, कोळी व कातकरी एकत्र आले होते. पोलिसांच्या गोळीबारात मृत्युमुखी पडलेल्या सत्याग्रहींत नाग्या महादू कातकरी याचा समावेश होता. अशी एकजूट पुढील काळात क्वचितच दिसली, कारण जमिनीच्या प्रश्नावर दोघांचे मार्ग वेगळे झाले.

आगऱ्यांचा लढा कुळाच्या हक्काचा होता. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले; हा संप १९३९ पर्यंत चालला. जमीन पडीक ठेवून, लाकडे-करवंदे विकून आणि मजुरीवर पोट भरून सहा वर्षे तग धरणे, हे सामान्य धैर्याचे काम नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ या टप्प्यांनी कसणारे कूळ मालक झाले. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आगऱ्याचे नाव लागले.

कातकऱ्याच्या नावे या कायद्याने फारसे काही आले नाही. कायद्याला कुळाची वहिवाट दिसत होती. मजुराची मजुरी व वननिवासीची उपजीविका त्याच्या कक्षेबाहेर होती. जो कधी कूळच नव्हता, त्याला मालक कसे करणार? डोंगरउतारावर राब भाजून नाचणी-वरी काढण्यासाठी वनखात्याने काही ठिकाणी दिलेले दळीचे पट्टे एवढाच काय तो आधार होता आणि त्यांवरही मालकी नव्हती. आदिवासींच्या जमिनीचे हस्तांतरण रोखणारे व हस्तांतरित जमिनी परत देणारे १९७४-७५ चे कायदे महत्त्वाचे खरे, परंतु ज्याच्याजवळ गमावण्याजोगी जमीन मुळातच नव्हती, त्या कातकऱ्याला त्यांचा लाभ अल्प झाला.

या फरकाचे खरे मोल कारखानदारी आल्यावर कळून आले. लोहमार्ग कल्याणपर्यंत १८५४ मध्येच पोहोचला होता. पण स्वातंत्र्याच्या सुमारास आंबिवलीजवळ मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना उभा राहिला, शहाडला सेंच्युरी रेयॉन आला, तेव्हा या खोऱ्याचे अर्थकारण पालटले. नंतर डोंबिवली-अंबरनाथच्या औद्योगिक वसाहती, रेल्वेमार्गालगतच्या चाळी व इमारती आणि भिवंडीची गोदामे असा हा विस्तार होत गेला. जमीन संपादित होते तेव्हा मोबदला सातबाऱ्यावरील नावाला मिळतो आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखलाही त्यालाच. त्याच शेतावर पिढ्यान्‌पिढ्या लावणी करणारा मजूर विस्थापितांच्या यादीत येत नाही. म्हणून एकाच भूसंपादनाने आगरी कुटुंबाला रोख रक्कम व क्वचित एखादी नोकरी मिळे, तर कातकरी कुटुंबाचे चार महिन्यांचे काम जाई आणि त्याची नोंदही होत नसे.

तथापि आगऱ्यांचा उत्कर्ष निर्वेध झाला असे मानणे चुकीचे होईल. नवी मुंबईसाठी झालेल्या संपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात मरण पावले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून पुढे आली. कल्याणच्या बाजूला असे संघटित यश लाभले नाही. मोहन्याचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षे रखडली. त्यांत भूमिपुत्र होते तसेच देशावरून व परप्रांतातून आलेलेही होते. जमीन विकून आलेला पैसा घरबांधणी, वाहने, सोने व लग्नकार्ये यांत खर्ची पडला, की पुढील पिढीजवळ शेतही राहत नाही आणि व्यवसायही नाही. हळदीच्या रात्रीचा थाट पाहून या समाजास श्रीमंत ठरविणाऱ्या निरीक्षकाने दहा वर्षांनी त्याच घरी पुन्हा जाऊन पाहावे. ज्यांनी जमिनीच्या जोरावर चाळी बांधून भाडे सुरू केले, मालमोटारी घेतल्या, रेतीचा व बांधकाम साहित्याचा धंदा केला, ती कुटुंबे सावरली आणि त्यांतूनच स्थानिक राजकारणातील नेतृत्वही आले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत सामील केलेली सत्तावीस गावे २००२ मध्ये वगळण्यात व २०१५ मध्ये पुन्हा घेण्यात आली. या दीर्घ वादामागे गावठाण, कर व बांधकामाची परवानगी यांविषयीची मुख्यतः आगरी भूधारकांची चिंता होती.

याच व्यवसायांपैकी वीटभट्टी हा दोन्ही समाजांना जोडणारा व त्यांच्यातील अंतर सर्वांत स्पष्टपणे दाखविणारा धंदा होय. मुंबई व तिच्या उपनगरांच्या बांधकामासाठी कल्याण, भिवंडी, शहापूर या तालुक्यांत नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर भट्ट्या निघाल्या. भट्टीमालकांत आगऱ्यांचे प्रमाण लक्षणीय, तर विटा थापणाऱ्यांत कातकऱ्यांचे. पावसाळ्यात, घरात धान्य नसते तेव्हा, मालक किंवा त्याचा मुकादम वाडीवर येऊन उचल देतो. दिवाळीनंतर सबंध कुटुंब भट्टीवर जाते. कच्च्या विटा रचून, वर गवत वा पत्रा टाकून उभारलेल्या बुटक्या झोपडीस ‘भोंगा’ म्हणतात. पुढील सहा-सात महिने तेच घर. नवरा-बायकोची जोडी हे मजुरीचे एकक धरले जाते: पुरुष माती मळतो व विटा थापतो, स्त्री चिखल वाहते, मुले वाळत घातलेल्या विटा उलटतात. मजुरी हजार विटांमागे ठरते, पण ती हाती येत नाही. आठवड्याला बाजारापुरती खर्ची मिळते आणि हिशेब मृगाच्या तोंडावर होतो. उचल, खर्ची, आजारपणाचे पैसे व पावसाने भिजून गेलेल्या विटा वजा केल्यावर कित्येकदा मजुराच्या नावे येणे न राहता देणेच उरते. तेवढ्यासाठी पुढील हंगामात त्याच भट्टीवर येणे भाग पडते.

वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. उचलीचे हे चक्र त्याच्या व्याख्येत बसते किंवा नाही, हा वाद मालक व संघटना यांच्यात सतत चालू राहिला. १९८२ मध्ये ठाणे जिल्ह्यात स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेने बांधलेल्या मजुरांची मुक्तता, किमान वेतन व हिशेबाची मागणी यांसाठी लढे दिले. तिच्याशी संबंधित विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ चालविल्या. न्याय्यतेसाठी हेही नमूद केले पाहिजे, की लहान भट्टीवाला आगरी स्वतः कोळसा, तूस व माती यांसाठी व्यापाऱ्याचा ऋणको असतो आणि अवेळी पावसाने त्याचाही हंगाम बुडतो. फरक इतकाच, की त्याला कर्ज देणारा त्याच्या जमिनीकडे पाहतो आणि तो ज्याला उचल देतो, त्याच्याकडे तारण म्हणून केवळ देह असतो.

घराखालच्या जागेचा प्रश्न कातकऱ्यांच्या बाबतीत सर्वांत नाजूक आहे. पुष्कळ वाड्या खाजगी मालकीच्या वरकस जमिनीवर वसलेल्या आहेत. शेतावर मजूर जवळ असावेत म्हणून आगरी वा इतर जमीनमालकांनीच पूर्वी त्यांना तेथे राहू दिले. जमिनीला भाव नव्हता तोवर कोणी हरकत घेतली नाही. शहर वाढून तीच जमीन गुंठ्याने विकली जाऊ लागली, तेव्हा वाडी ही अडचण ठरू लागली. घरदुरुस्तीस मनाई, वाट बंद करणे, जागा मोकळी करण्याचा तगादा हे प्रकार त्यातूनच उद्भवतात. शेतमजुराच्या राहत्या घरास संरक्षण देणाऱ्या तरतुदी कुळकायद्यातच आहेत. परंतु त्यांचा वापर करण्यास रहिवासाचा पुरावा लागतो आणि अर्धे वर्ष बाहेर असणाऱ्या कुटुंबाकडे शिधापत्रिका, जातीचा दाखला व मतदारयादीतील नाव यांपैकी काहीतरी हमखास नसते. २००६ चा वनहक्क कायदा वनजमिनीपुरता असल्याने अशा वाड्यांना उपयोगी पडत नाही. आदिम जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘पीएम-जनमन’ मोहिमेत दाखले व घरकुले देण्यावर भर आहे, मात्र घरकुलास जागा लागते.

सामाजिक जीवनात दोन्हींकडे काही समान खुणा आढळतात. दोन्ही समाजांत स्त्री घराबाहेर राबते, बाजारात स्वतः विक्री करते. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण ही गीते गाऊन विधी पार पाडणारी स्त्री पूर्वी पुरोहिताइतकीच महत्त्वाची होती. कार्ल्याची एकवीरा हे आगरी-कोळ्यांचे मोठे श्रद्धास्थान, तर कातकऱ्यांत चेडा, म्हसोबा इ. देवतांची उपासना चालते. कातकऱ्यांत विवाहासाठी घेतलेले कर्ज हे उचलीचे एक प्रमुख कारण असते. आगऱ्यांत तेच कर्ज जमीन विकून फिटते. शिक्षणात आगऱ्यांची दुसरी-तिसरी पिढी महाविद्यालयांपर्यंत पोहोचली. कातकरी मुलाची शाळा मात्र दिवाळीला सुटते ती बहुधा पावसाळ्यातच पुन्हा भरते. आश्रमशाळांनी ही गळती काही अंशी थोपविली असून तेथून शिकलेले तरुण आता वाड्यांवर दाखल्यांची व हिशेबाची कामे करू लागले आहेत.

वीटधंद्याचे स्वरूपही बदलत आहे. औष्णिक विद्युत्‌ केंद्रांच्या परिसरातील भट्ट्यांना राखेचा वापर सक्तीचा करणारी अधिसूचना १९९९ मध्ये निघाली, नंतर सिमेंटच्या ठोकळ्यांचा प्रसार झाला, आणि भट्टीची माती ज्या शेतांतून निघत असे त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. आंबिवली-टिटवाळा पट्ट्यातील भट्ट्या त्यामुळे उत्तरोत्तर आत सरकत चालल्या आहेत. मालक जमीन विकून वा दुसरा धंदा धरून बाहेर पडू शकतो. कातकरी कुटुंबांना मात्र उचल घेऊन अधिक दूरच्या भट्टीवर जावे लागते, किंवा शहरातील नाक्यावर रोजच्या कामासाठी उभे राहावे लागते.