रिकामी जागा कोण भरतं? – सांख्यिकीच्या प्रोग्रॅममध्ये मॅक्रो वापरून क्वेरी बसवताना

(मंगळवेढ्यात झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. पडद्यावर दाखवलेला कोड वाचकांच्या सोयीसाठी देवनागरीत दिला आहे.)

आजचा विषय ऐकून काही जणांनी आधीच विचारलं, की हे संगणकवाल्यांचं काम, ज्वारीच्या गावात कशाला? म्हणून सुरुवात ज्वारीपासूनच करतो.

मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. इथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. काळी खोल जमीन, परतीच्या पावसाची जमिनीत मुरलेली ओल आणि त्यावर उभा राहणारा शाळू. ओल टिकली तर कोठार, नाही टिकली तर नुसता कडबा. त्यामुळं ‘यंदा हेक्टरी उतारा किती?’ या प्रश्नाला इथं फार वजन आहे.

पंतप्रधान पीक विमा योजना खरीप २०१६ पासून सुरू झाली. तिच्या मूळ पद्धतीत नुकसानभरपाई एकेका शेताच्या नुकसानीवर ठरत नाही, सगळ्या विमा क्षेत्राच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. आपल्याकडं मुख्य पिकांसाठी ते क्षेत्र म्हणजे साधारणपणे महसूल मंडळ. मंडळात पीक कापणी प्रयोग होतात. चिठ्ठ्या टाकल्यासारखी शेतं निवडायची, ठराविक मापाचा तुकडा आखायचा, कापणी-मळणी करून धान्याचं वजन घ्यायचं. अशा यादृच्छिक निवडीनं पिकाचा अंदाज बांधण्याचं शास्त्र भारतात उभं करणाऱ्यांमध्ये एक मराठी माणूस आहे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे.

आता हिशोब बघा. आकडे माझ्या मनाचे आहेत. गेल्या सात वर्षांचे उतारे हेक्टरी किलोमध्ये : ७००, ४८०, ६४०, ३५०, ६००, ५६०, ५००. यातली चांगली पाच वर्षं घ्यायची, म्हणजे ४८० आणि ३५० सोडायची. पाचांची बेरीज ३,०००, सरासरी ६००. जोखीमस्तर ७० टक्के धरला तर उंबरठा उतारा ४२०. यंदाचा उतारा ३१५ आला तर तूट १०५, म्हणजे ४२० च्या २५ टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ३०,००० असेल तर भरपाई ७,५००. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दोन भाषा, एक काम

हे आकडे डेटाबेसमध्ये असतात, आणि डेटाबेसची भाषा एसक्यूएल. ‘अमुक तक्त्यातून तमुक अट पूर्ण करणाऱ्या ओळी दे’ असं तिला सांगायचं. सरासरी, प्रमाणित चूक, आलेख हे काम सांख्यिकीच्या भाषेचं. आर असेल, सॅस असेल. योगायोग बघा, सॅसचा जन्मच अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात शेतीच्या प्रयोगांचे आकडे सोडवता सोडवता झाला. सॅसमध्ये ‘प्रॉक एसक्यूएल’ नावाची सोय आहे. तिच्यामुळं क्वेरी थेट प्रोग्रॅमच्या पोटात लिहिता येते. आज मी सॅसच धरून बोलतो.

समजा आपल्याला मरवडे, हुलजंती, भोसे, बोराळे या चार मंडळांचा हिशोब करायचा आहे. नवशिक्या काय करतो? एक क्वेरी लिहितो, चारदा चिकटवतो आणि प्रत्येकीत मंडळाचा कोड बदलतो. चार असताना चालतं. जिल्हाभराची मंडळं आली, दोन हंगाम आले, की कुठंतरी कोड बदलायचा राहतो. मग भोश्याचा आकडा बोराळ्याच्या नावावर छापला जातो.

यावरचा उपाय मॅक्रो.

मॅक्रो म्हणजे छापील अर्ज

तहसीलबाहेर छापील अर्ज मिळतो ना : ‘मी ........, राहणार ........, अर्ज करतो की’. मजकूर ठरलेला, गाळलेल्या जागा तेवढ्या भरायच्या. मॅक्रो हेच करतो. क्वेरी एकदाच लिहायची :

सिलेक्ट उतारा इंटू :यंदाचा
फ्रॉम मंडळ_सरासरी
व्हेअर मंडळ_कोड = &कोड;

‘&कोड’ ही गाळलेली जागा. ‘इंटू :यंदाचा’ म्हणजे मिळालेलं उत्तर ‘यंदाचा’ नावाच्या मॅक्रो चलात ठेव, पुढच्या हिशोबात लागेल. म्हणजे जाताना मॅक्रो क्वेरीला कोड देतो आणि येताना क्वेरी मॅक्रोला उतारा देते.

इथं क्रम समजून घ्या, बहुतेक चुका तिथंच होतात. आधी मॅक्रो प्रोसेसर जागा भरतो. भरून झालेला अर्ज मग एसक्यूएल वाचते. मॅक्रोला ज्वारी कळत नाही, आकडा कळत नाही, क्वेरीही कळत नाही. त्याच्यासाठी सगळा नुसता मजकूर. भरणारा एक, वाचणारा दुसरा.

म्हणून सॅसमध्ये एकेरी अवतरणचिन्हात ‘&नाव’ लिहिलंत तर जागा भरलीच जात नाही. एसक्यूएल खरोखरच ‘&नाव’ नावाचं मंडळ शोधते. दुहेरी अवतरण लागतं. त्याहून बरं म्हणजे नावावर शोधूच नका. मंगळवेढा, मंगळवेढे, इंग्रजीत कुणी व्ही लिहितो, कुणी डब्ल्यू. माणसाला सगळं एकच वाटतं, यंत्राला ही चार वेगळी गावं. कोडवर शोधा.

आणि वेबपानावर बाहेरच्या माणसानं टाइप केलेला मजकूर अशा जागेत कधीच थेट घालू नका. त्यानं नावाऐवजी अर्धी क्वेरीच लिहून दिली, तर तीही मुकाट्यानं वाचली जाईल. तिथं किंमत क्वेरीपासून वेगळी पाठवण्याची पद्धत वापरतात. आरमध्ये डीबीआय या पॅकेजमध्ये तशी सोय आहे.

जुनं उत्तर तसंच राहतं तेव्हा

आता आजच्या व्याख्यानातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

आपला मॅक्रो एकामागून एक मंडळं घेतोय. मरवडे आलं, उतारा ४३० सापडला, ‘यंदाचा’ मध्ये ४३० बसले. पुढं हुलजंती. समजा हुलजंतीचे प्रयोग अजून तक्त्यात चढलेले नाहीत, किंवा कोड टाइप करताना एक आकडा चुकलाय. क्वेरीला एकही ओळ सापडत नाही. मग ‘यंदाचा’ मध्ये काय असेल?

(श्रोत्यांतून : शून्य. रिकामं.)

नाही. ४३०. सॅसमध्ये एकही ओळ मिळाली नाही तर ‘इंटू’ त्या चलाला हातच लावत नाही. आधीचं उत्तर तसंच राहतं. प्रोग्रॅम थांबत नाही, लाल अक्षरात काही येत नाही. लॉगमध्ये ‘एकही ओळ निवडली गेली नाही’ अशा अर्थाची साधी नोंद येते, आणि ती शेकडो ओळींत हरवते.

परिणाम बघा. हुलजंतीचा खरा उतारा ३१५ असेल तर भरपाई हेक्टरी ७,५००. पण अहवालात मरवड्याचे ४३० आले, उंबरठा ४२०, म्हणजे भरपाई शून्य. चोरी नाही, लबाडी नाही, फक्त चल रिकामं करायचं राहिलं. शेतकऱ्यानं ‘का?’ विचारलं तर खिडकीवरचा माणूसही प्रामाणिकपणे सांगेल, की संगणकात असंच आहे.

उपाय दोन ओळींचा. प्रत्येक फेरीत क्वेरीच्या आधी ‘यंदाचा’ रिकामा करायचा. आणि क्वेरीनंतर ‘एसक्यूएलओबीएस’ हा सॅसनं स्वतः भरलेला चल तपासायचा. तो शून्य असेल तर मोठ्यानं ओरडायचं : ‘या मंडळाचा आकडा नाही, हिशोब थांबवा.’

याचंच भावंड म्हणजे रिकामी किंमत. ओळ आहे, पण उतारा भरलेला नाही. ‘उतारा ४२० पेक्षा कमी’ अशी अट सॅसमध्ये चालवलीत तर रिकामा उतारा निवडला जातो, कारण सॅस रिकाम्या किमतीला सगळ्या आकड्यांहून लहान मानतं. तीच अट ओरॅकल किंवा पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये चालली तर ती ओळ वगळली जाते. एकच प्रश्न, कुठं विचारला यावर दोन उत्तरं. म्हणून ‘उतारा रिकामा नसावा’ ही अट स्वतः लिहा. यंत्राच्या समजुतीवर सोडू नका.

मॅक्रो कुठं नको

इतकं सांगून आता उलटं सांगतो. मंडळामागून मंडळ फिरण्यासाठी मॅक्रो खरं तर लागतच नाही. एसक्यूएलला ‘ग्रुप बाय मंडळ’ म्हटलं की सगळ्या मंडळांची सरासरी एका दमात मिळते. त्यातही सुरुवात उताऱ्याच्या तक्त्यापासून करू नका. मंडळांच्या पूर्ण यादीपासून करा आणि ‘लेफ्ट जॉइन’नं उतारे जोडा. मग हुलजंतीची ओळ गायब होत नाही, शेजारच्याचा आकडाही घेत नाही. ती रिकामी दिसते. रिकामी दिसली की कुणीतरी फोन करून विचारतं.

मॅक्रो ठेवा सगळ्या क्वेरीला एकदाच लागणाऱ्या गोष्टींसाठी : वर्ष, हंगाम, पीक, जोखीमस्तर. पुढच्या रब्बीला वरच्या चार ओळी बदलल्या की खालचा प्रोग्रॅम तसाच चालतो.

एक प्रश्न

श्रोता : सर, मॅक्रोनं भरलेली क्वेरी नक्की काय झाली, हे बघता येतं का?

येतं, आणि बघायलाच हवं. ‘सिम्बॉलजेन’ हा पर्याय सुरू केला की कोणत्या जागी काय भरलं ते लॉगमध्ये येतं. ‘एमप्रिंट’ सुरू केला की भरलेला सगळा मजकूर येतो. तो लॉग अहवालासोबत जपून ठेवा. दामाजीपंतांच्या गावात हे मी सांगायला नको. कोठार उघडलं त्याची कथा सगळे सांगतात, पण बिदरला शेवटी विषय मिटला तो रक्कम पोचल्याच्या पावतीवर. लॉग ही आपली पावती. हुलजंतीच्या शेतकऱ्यानं उद्या विचारलं, ‘माझ्या मंडळाचा आकडा कुठून आला?’, तर दाखवायला कागद हवा.

घरी जाऊन एक करा. स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम अस्तित्वात नसलेला कोड घाला आणि उत्तर काय येतं बघा. आकडा आला, तर आजची रात्र प्रोग्रॅम दुरुस्त करण्यात घालवा.