श्रीवर्धन तालुक्यातील गावे व समुद्रकिनारे

दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर ही रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील किनारी गावे पर्यटनासाठी प्रसिद्ध आहेत. मुळशी तालुक्यातील पौड येथून मुळशी जलाशयाच्या काठाने जाऊन ताम्हिणी घाट उतरल्यावर निजामपूर, माणगाव व म्हसळा या मार्गाने तेथे पोहोचता येते. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळण्याचा धोका असतो. १९४८ पर्यंत हा प्रदेश जंजिरा संस्थानात होता.

दिवेआगर
येथील पुळण रुंद व सपाट असून तिच्यामागे सुरूचे बन आणि नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत. नोव्हेंबर १९९७ मध्ये एका वाडीत खोदकाम करताना गणपतीचा सुवर्ण मुखवटा सापडला. मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी तो पळवला व दोन रखवालदारांची हत्या केली. पुढे २०२१ मध्ये त्याची पुनर्स्थापना झाली. बहुतेक पर्यटक याच मुखवट्यासाठी येतात. मात्र येथे सापडलेला शके ९८२ (इ.स. १०६०) चा ताम्रपट मराठीच्या आद्य लेखांपैकी एक असून भाषेच्या अभ्यासकाला त्याचे मोल अधिक वाटेल.

श्रीवर्धन
हे पेशवे बाळाजी विश्वनाथ भट यांचे मूळ गाव. येथील रोठा सुपारी नावाजलेली आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात किनाऱ्यावर आले. पोफळी मुळांसकट उन्मळल्या, कित्येक वाड्या भुईसपाट झाल्या. पोफळीचे रोप फळावर येण्यास सहा ते आठ वर्षे लागत असल्याने वाडीवाल्यांचे नुकसान एका हंगामापुरते राहिले नाही.

हरिहरेश्वर
सावित्री नदीच्या मुखाशी वसलेले हे क्षेत्र पेशव्यांचे कुलदैवत होय. प्रथम काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव असा दर्शनाचा क्रम आहे. डोंगराला वळसा घालणारा प्रदक्षिणामार्ग पायऱ्यांनी थेट समुद्रालगतच्या खडकांवर उतरतो. तो केवळ ओहोटीच्या वेळी चालण्याजोगा असतो. भरतीच्या लाटांनी येथे माणसे ओढून नेली आहेत.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील जुना आडाखा असा: तिथीची पाऊणपट करावी, येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला ती तीनला, अष्टमीला सहाला, तर पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास येते. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे अष्टमीला दुपारी बाराच्या सुमारास खडक उघडे असतात, पौर्णिमेला त्याच वेळी ते पाण्याखाली जातात. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग. हा हिशेब स्थूल आहे. प्रदक्षिणेला निघण्यापूर्वी त्या दिवसाची वेळ गावात विचारून घ्यावी आणि पाणी चढू लागण्याआधी परतावे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना ओहोटीचाही भरवसा धरू नये.

हरिहरेश्वरनजीकच्या बागमांडला येथून फेरीबोटीने खाडी ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यातील वेसवी येथे उतरता येते. तेथून बाणकोटचा किल्ला आणि सागरी कासवांसाठी ओळखले जाणारे वेळास जवळ आहे.