झिप करूनही फाइल तेवढीच!
(संगणकाच्या पोटात : लेखांक ८)

दोन फाइली घ्या. एकीत सातारा जिल्ह्यातल्या गावांची यादी आहे: गाव, तालुका, जिल्हा, राज्य, सगळं साध्या मजकुरात. दुसरी म्हणजे जमिनीच्या जुन्या कागदांचं रंगीत स्कॅन, पीडीएफ केलेलं. दोन्ही झिप करा. यादी पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर सहज येते. स्कॅन मात्र जिथल्या तिथे. पाच एमबीचं फार तर ४.९ होतं. ऑनलाइन अर्जाची मुदत संपत आली असेल तर माणूस वैतागून दुसरं सॉफ्टवेअर उतरवून घेतो, पण त्यानेही फारसा फरक पडत नाही. फाइल किती आक्रसणार हे मुख्यतः तिच्या आत काय आहे त्यावर ठरतं. मागचे बाइट पाहून पुढच्याचा जितका अंदाज बांधता येतो, तितकीच जागा वाचते.

यादीपासून सुरुवात करू. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. काने आणि पाय मोडल्याच्या खुणा धरून ‘महाराष्ट्र’ या शब्दात दहा चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट. हा शब्द यादीच्या प्रत्येक ओळीत येतो. झिप तो पहिल्या वेळी पूर्ण लिहितं. पुढच्या वेळी फक्त दोन आकडे टाकतं: इतके बाइट मागे जा, तिथून इतके उचल. ही सूचना साधारण दोन-तीन बाइटांत मावते आणि बहुतेक वेळा तिच्यात ‘सातारा’ही आलेला असतो. अब्राहम लेम्पेल आणि याकोब झिव या इस्रायली संशोधकांनी १९७७ साली मांडलेली ही रीत. नेहमीचं झिप मागे पाहतं ते ३२,७६८ बाइटांपर्यंतच. त्यामुळे पन्नास पानांपूर्वीचा परिच्छेद जसाच्या तसा पुन्हा आला, तरी त्याला तो नवाच वाटतो.

जिथे शब्द पुन्हा येत नाहीत, तिथेही काही जागा वाचवता येते. ‘मराठी’ हा शब्द फाइलमध्ये असा असतो:

२२४ १६४ १७४ · २२४ १६४ १७६ · २२४ १६४ १९० · २२४ १६४ १६० · २२४ १६५ १२८

पंधरा बाइटांत २२४ पाच वेळा आणि १६४ चार वेळा. एरवी प्रत्येक बाइटला आठ बिट मिळतात, मग तो पदोपदी येवो की क्वचित. नेहमी येणाऱ्याला छोटा संकेत आणि दुर्मिळाला लांब संकेत दिला, तर एकूण बेरीज घटते. हे संकेत कमीत कमी लांबीचे कसे बनवायचे, हे डेव्हिड हफमन यांनी विद्यार्थिदशेत शोधलं. १९५१ साली एमआयटीत रॉबर्ट फॅनो यांनी वर्गाला परीक्षा किंवा प्रबंध असा पर्याय दिला होता. हफमन यांनी प्रबंध घेतला आणि खुद्द फॅनोंना न सुटलेला प्रश्न सोडवला. लेम्पेल-झिव आणि हफमन यांची सांगड घालणारी रीत फिल कॅट्झ यांनी आपल्या पीकेझिपमध्ये आणली. आजचं साधं झिप तीच वापरतं.

आता स्कॅन. पीडीएफच्या आत प्रत्येक पानाचं चित्र बहुधा जेपीईजीत असतं. जेपीईजी डोळ्याला न जाणवणारा तपशील आधी काढून टाकतं आणि उरलेल्याला शेवटी हफमनचेच संकेत देतं. झिपच्या हाती पडतं ते चिपाड; पुन्हा चरकात घातलं म्हणून रस कुठून येणार? एमपी३ गाणी आणि मोबाइलवरचे व्हिडिओ यांचंही तेच. वर्डची डॉक्स फाइल तर मुळात झिपच असते. तिच्या प्रतीच्या नावातलं शेवटचं ‘डॉक्स’ बदलून ‘झिप’ करा, ती उघडेल आणि आतल्या फाइली दिसतील. स्कॅन लहानच करायचं असेल तर ३०० डीपीआयऐवजी १५० वर करा. चित्रबिंदू एक चतुर्थांश उरतात. रंगाची गरज नसेल तर रंगही सोडा. मात्र ही काटछाट आहे. गेलेला तपशील परत मिळत नाही.

काहीही न गमावता प्रत्येक फाइल लहान करणारं सॉफ्टवेअर कधीतरी निघेल का? नाही, आणि ते बोटांवर मोजून दाखवता येतं. तीन बिटांच्या वेगवेगळ्या फाइली आठ. त्याहून लहान फाइली किती? दोन बिटांच्या चार, एका बिटाच्या दोन आणि एक रिकामी, मिळून सात. आठ जणांना सात खोल्या. दोघांना एकच खोली दिली तर परत उघडताना कोण कोणता, हे कळणार नाही. फाइल कितीही मोठी असली तरी हाच हिशेब लागू होतो. म्हणून काही फाइली लहान होतात, तेव्हा दुसऱ्या काहींना तेवढंच राहावं लागतं किंवा थोडं वाढावं लागतं. झिपची पुन्हा झिप केली की ती अनेकदा किंचित मोठी होते, ती यामुळेच. नीट कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या फाइलीत अंदाजाला वावच नसतो. म्हणून आधी झिप करायची, मग कुलूप लावायचं.

अंदाज न येणाऱ्या या भागाचं माप क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली दिलं. त्याला एन्ट्रॉपी म्हणतात. पण इथे एक मेख आहे. पायचे पहिले दहा लाख अंक एका फाइलीत लिहा. अंक दहाच असल्याने प्रत्येकाला आठऐवजी सरासरी ३.३२ बिट पुरतात, म्हणून झिप फाइल निम्म्याखाली आणतं. पुढे त्याची मजल जात नाही, कारण त्या रांगेत त्याच्या ओळखीची पुनरावृत्ती नाही. आणि तरीही तेच दहा लाख अंक काढून देणारा प्रोग्राम काही ओळींत लिहिता येतो! फाइलीचा खरा आकार म्हणजे ती तयार करणाऱ्या सर्वांत छोट्या प्रोग्रामची लांबी, हा विचार आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९६५ साली मांडला. तो प्रोग्राम कोणत्याही फाइलीसाठी हमखास शोधून देणारी रीत असूच शकत नाही, हेही सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे झिपने हात टेकले, याचा अर्थ इतकाच की त्याला ठाऊक असलेली पुनरावृत्ती संपली.

पुढच्या आठवड्यात : जेपीईजी चित्रातलं नेमकं काय फेकतं आणि आपल्या डोळ्यांना ते का कळत नाही.