दिवाणखान्यात शिरलेलं इंजिन

हिंगोली डेक्कन स्टेशनात गाडी आली तर कुणी नवलानं बघत नाही. तीच बैठकीच्या भिंतीतून आली तर? बेल्जियमच्या रेने माग्रितनं १९३८ साली नेमकं हेच रंगवलं. रिकामी खोली, संगमरवरी फायरप्लेस, वर घड्याळ आणि आरसा. फायरप्लेसच्या पोटातून वाफेचं इंजिन अधांतरी बाहेर पडतंय. खाली रूळ नाहीत, धूर मात्र अगदी शहाण्यासारखा धुराड्यात चाललाय!

आता आरशात बघा. मेणबत्तीचे स्टँड दोन, प्रतिबिंब एकाचंच. घड्याळात पाऊण वाजत आलाय.

चित्र मागवलं होतं एडवर्ड जेम्स या धनिक इंग्रज रसिकानं, लंडनच्या घरासाठी. माग्रितला ते जिन्याच्या पायथ्याशी हवं होतं, म्हणजे इंजिन थेट पाहुण्यांच्या अंगावर येईल. जेम्सनं ते लावलं फायरप्लेसच्या वर! १९७० पासून ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

एवढं अचाट रंगवणारा हा गडी राहायचा ब्रसेल्समधल्या साध्या भाड्याच्या घरात. चित्रं काढायची ती जेवणाच्या खोलीत, तीही सूट-टाय घालून. घरातली फायरप्लेस, जिना, खिडक्या सगळं चित्रांत उतरलं. १९५२ च्या एका चित्रात पलंगावर भलाथोरला कंगवा उभा आहे, कपाटावर दाढीचा अजस्र ब्रश, आणि भिंतींच्या जागी ढगाळ आकाश. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्रात एका हिरव्या सफरचंदानं अख्खी खोली व्यापलीय.

आपल्याकडे या वाटेच्या जवळून गेले ते नागावचे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५). विणकर सेवा केंद्रात नोकरी, रंग चक्क एनॅमलचा, आणि चित्रात पान, घड्याळ, शिंपला अशा रोजच्या वस्तू मोकळ्या अवकाशात तरंगताना. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ मिळवून वाचाच. चित्रकाराचं डोकं कसं चालतं हे इतक्या स्वच्छ मराठीत क्वचितच वाचायला मिळतं.

आणि हे सगळं हिंगोलीकरांना परकं का वाटावं? नामदेवांसाठी औंढ्याचं देऊळ फिरलं, म्हणून नंदी मागे राहिला, ही कथा इथं पोरंसोरंही सांगतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करणाऱ्या मुलांना एकदा हाच विषय द्या: देवळीतून निघालेली लाल एसटी, नाहीतर माजघरात फुटलेलं हळदीचं रान. कागद मोठा द्या.