नामदार गोखले आणि नाताळांतील गिरमिटी कुटुंबें

जुन्या कागदांच्या संग्राहकांचें लक्ष सनदा, महजर, वतनपत्रें व राजकारणी पत्रव्यवहार यांकडे प्रथम जातें, आणि तें साहजिकच आहे. परंतु एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानच्या बंदरांतून जे लक्षावधि मजूर कराराच्या बंधनानें परदेशीं नेले गेले, त्यांचेही कागद आहेत; आणि ते पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत सन १९१० व १९१२ मध्यें आणलेले दोन ठराव आणि त्यांच्या मागेंपुढें घडलेला इतिहास यांचें विवेचन करावयाचें आहे. गोखले हे मवाळ राजकारणी म्हणून सर्वांस विदित आहेत. पण ज्यांस मत नाहीं, वाचा नाहीं, व ज्यांचें गाऱ्हाणें समुद्रापलीकडे आहे, अशा वसाहतींतील कुटुंबांचा कैवार एका कायदेमंडळाच्या सभासदानें केवळ सरकारी कागदांच्या आधारानें कसा घेतला, हें पाहिलें असतां त्या मवाळपणाची धार ध्यानांत येते.

१. गिरमिटाचें स्वरूप

'गिरमिट' हा शब्द म्हणजे 'अ‍ॅग्रीमेंट' या इंग्रजी शब्दाचा मजुरांच्या तोंडीं झालेला अपभ्रंश होय. नाताळांतील उसाच्या मळ्यांसाठीं हिंदी मजुरांची पहिली तुकडी मद्रासेहून 'ट्रुरो' जहाजानें निघून दि. १६ नोव्हेंबर १८६० रोजीं दरबान बंदरीं उतरली; तींत ३४२ माणसें होतीं. तेव्हांपासून सन १९११ पर्यंत याच रीतीनें १,५२,१८४ माणसें नाताळांत गेलीं. करार पांच वर्षांचा असे. पगार पहिल्या वर्षीं दरमहा १० शिलिंग व पुढें दर वर्षीं एक शिलिंग चढून पांचव्या वर्षीं १४ शिलिंग. मालक कोण मिळावा हें मजुराच्या हातीं नसे. काम सोडून गेल्यास दिवाणी दावा न होतां फौजदारी शिक्षा होत असे, आणि या पद्धतीचें मर्म येथेंच आहे. इतर करार मोडल्यास नुकसानभरपाई द्यावी लागते; हा करार मोडल्यास तुरुंग.

प्रत्येक मजुरास एक क्रमांक देऊन त्याची नोंद वहींत होत असे. क्रमांक, नांव, बापाचें नांव, वय, जात, जिल्हा, ठाणें, गांव, उंची व अंगावरील खुणा असे तींतील रकाने आहेत. आमच्याकडील लष्करी चेहरेपट्टी ज्यांनीं हाताळली आहे, त्यांस हे रकाने ओळखीचे वाटतील. तथापि आमच्या खानेसुमारीशीं ताडून पाहतां एक भेद डोळ्यांत भरतो. खानेसुमारींत मोजणीचा मूळ घटक घर हा असतो. या वहींत घर नाहीं. माणूस गांवापासून व नात्यांपासून सुटा करून एक क्रमांक म्हणून मांडलेला आहे. दर शंभर पुरुषांमागें चाळीस स्त्रिया पाठवाव्यात असा नियम होता. पण हा नियम संख्येचा होता, संसाराचा नव्हे.

२. तीन पौंडांचा कर

मजूर हवा, पण मुदत संपल्यावर तो शेजारी म्हणून नको, अशी नाताळच्या गोऱ्या वसाहतवाल्यांची वृत्ति होती. मुदत संपलेला हिंदी मनुष्य जमीन करी, भाजी पिकवी, दुकान घाली. हें त्यांस सलूं लागलें. म्हणून नाताळ सरकारनें प्रथम प्रतिवर्षीं २५ पौंड कर बसविण्याची सूचना केली. हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांनीं ती अमान्य करून ३ पौंडांस संमति दिली, व त्याप्रमाणें सन १८९५ चा कायदा झाला. यापुढें येणाऱ्या मजुरास मुदतीअंतीं तीनच मार्ग उरले : पुन्हां गिरमिट करावें, स्वदेशीं परत जावें, किंवा दर वर्षीं तीन पौंड भरून रहावें. सन १९०३ च्या कायद्यानें हा कर मजुरांच्या मुलांवरही लादला गेला. मुलगा सोळा वर्षांचा व मुलगी तेरा वर्षांची होतांच करपात्र ठरे.

या आंकड्यांची सांगड घालून पाहिली पाहिजे. नवरा, बायको, सोळा वर्षांचा मुलगा व तेरा वर्षांची मुलगी, एवढ्या घरावर वर्षाचा कर १२ पौंड. गिरमिटाच्या पांचव्या वर्षाचा, म्हणजे सर्वांत चढा, पगार दरमहा १४ शिलिंग धरला तरी वर्षाचे ८ पौंड ८ शिलिंग होतात. अर्थात् एकट्या कर्त्या पुरुषाच्या तेवढ्या मिळकतींत घराचा करच भागत नाहीं. मग एकतर सर्वांनीं पुन्हां गिरमिटांत शिरावें, किंवा घर मोडावें. वहींत माणूस सुटा होता; कर मात्र घरावर बसला.

३. सन १९१० चा ठराव

मोर्ले-मिंटो सुधारणांच्या सन १९०९ च्या कायद्यानें सार्वजनिक हिताच्या विषयांवर ठराव मांडण्याचा अधिकार कायदेमंडळाच्या सभासदांस मिळाला. वरिष्ठ कायदेमंडळांत सरकारी अधिकाऱ्यांचें बहुमत कायम होतें. त्यामुळें मतांच्या बळावर कांहीं मिळवूं म्हणणें व्यर्थ होतें. बळ होतें तें पुराव्याचें. दि. २५ फेब्रुवारी १९१० रोजीं गोखल्यांनीं नाताळसाठीं होणारी गिरमिटी मजुरांची भरती बंद करण्याचा अधिकार सरकारनें घ्यावा असा ठराव मांडला. नाताळच्या हिंदी लोकांचा पूर्वेतिहास, तेथील कायदे, व्यापाराच्या परवान्यांतील अडवणूक आणि तीन पौंडांचा कर यांची त्यांनीं क्रमवार मांडणी केली. युक्तिवाद सरळ होता : ज्या वसाहतीस आमच्या माणसांचे श्रम हवेत पण त्यांस नागरिकत्वाचे साधे हक्क द्यावयाचे नाहींत, तिला माणसें पुरविण्याचें आम्हांस कारण काय?

सरकारनें हा ठराव मान्य केला. तदनुसार कायद्यांत दुरुस्ती झाली व दि. १ जुलै १९११ पासून नाताळची भरती बंद पडली. अल्पसंख्याक लोकनियुक्त सभासदानें आणलेला ठराव सरकारला आपल्या हातून अंमलांत आणावा लागला, हें त्या काळीं लहान यश नव्हे.

४. सन १९१२ चा ठराव

नाताळचें दार बंद झालें तरी फिजी, त्रिनिदाद, ब्रिटिश गियाना आदि वसाहतींचीं दारें उघडींच होतीं. म्हणून दि. ४ मार्च १९१२ रोजीं गोखल्यांनीं गिरमिटाची पद्धतच सर्वत्र बंद करावी असा व्यापक ठराव आणला. या वेळचें त्यांचें भाषण पूर्वीपेक्षां अधिक मूलगामी आहे. एखाद्या वसाहतीचें वर्तन बरें कीं वाईट हा प्रश्न त्यांनीं बाजूस ठेवला आणि कराराच्या अटीच एकेक करून तपासल्या. मनुष्य अज्ञ आहे. देश त्यास अपरिचित आहे. मालक त्यानें निवडलेला नाहीं. पांच वर्षें त्यास सुटतां येत नाहीं. आणि चूक झाल्यास फौजदारी शिक्षा आहे. अशा स्थितींतील संमतीस संमति म्हणतां येईल काय, हा त्यांचा प्रश्न होता. स्त्रियांच्या ठराविक प्रमाणाच्या नियमानें वसाहतींत जी कौटुंबिक दुरवस्था झाली होती, तीही त्यांनीं झांकून ठेवली नाहीं.

सरकारपक्षाचें म्हणणें असें कीं, दोष असतील ते सुधारतां येतील, मजुरांची मिळकत वाढते, आणि सँडर्सन समितीच्या सन १९१० च्या अहवालानेंही पद्धत मुळांतून टाकाऊ ठरविलेली नाहीं. ठरावास अनुकूल २२ व प्रतिकूल ३३ मतें पडून तो नामंजूर झाला. पण सरकारची पद्धत आणि लोकपक्षाचें मत यांत किती अंतर आहे, तें या दोन आंकड्यांनीं कायमचें कागदावर आलें.

५. दक्षिण आफ्रिकेचा प्रवास

सन १९१२ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २२ तारखेस गोखले केप टाऊन येथें उतरले. प्रकृति क्षीण असतांही त्यांनीं किंबर्ले, जोहान्सबर्ग, प्रिटोरिया, दरबान इत्यादि ठिकाणीं फिरून माहिती घेतली. या प्रवासांत मोहनदास गांधी त्यांचे चिटणीस म्हणून सोबत होते. त्यांनीं पुढें नमूद केलेली एक हकीकत आपणां मराठी वाचकांस विशेष वाटेल. तेथें कोंकणी मुसलमानांची वस्ती होती. त्यांच्यापुढें मराठींत बोलावें, आपण त्याचें हिंदुस्थानी भाषांतर करूं, असें गांधींनीं सुचवितांच गोखल्यांस हंसूं आलें. कारण गांधींस मराठी बोलतां येत नव्हतें. परंतु विषय ठाऊक असल्यानें भाषांतर उत्तम वठलें, व तेथून झांझिबारपर्यंत अशा सभांतून गोखले मराठींतच बोलले.

दि. १४ नोव्हेंबर रोजीं प्रिटोरियास बोथा, स्मट्स व फिशर या प्रधानांशीं त्यांची भेट झाली. तीन पौंडांचा कर रद्द होईल अशी गोखल्यांची त्या भेटीनंतर खात्री झाली होती. पुढें सन १९१३ मध्यें स्मट्स यांनीं असें वचन दिल्याचें नाकारलें. दोहों पक्षांच्या सह्यांचा करारनामा झालेला नव्हता. तोंडी बोलण्यावर विसंबून राहिल्यास काय होतें, याचें जुन्या पत्रव्यवहाराच्या अभ्यासकांस आणखी एक उदाहरण येथें सांपडेल.

६. विवाहाचा निकाल व सत्याग्रह

याच सुमारास कुटुंबावर दुसरा घाव पडला. दि. १४ मार्च १९१३ रोजीं केपच्या वरिष्ठ न्यायालयाचे न्यायमूर्ति सर्ल यांनीं असा निर्णय दिला कीं, ख्रिस्ती विधीनें न झालेला व सरकारी अधिकाऱ्यापुढें न नोंदलेला विवाह तेथील कायद्यास मान्य नाहीं. या निकालानें हिंदु, मुसलमान व पारशी यांच्या धर्मविधीनें झालेल्या विवाहांचा कायदेशीर आधारच गेला. पत्नीचा प्रवेशाचा हक्क व मुलांचा वारसा दोन्ही संशयांत पडलीं.

कर आणि विवाह या दोन प्रश्नांवर सप्टेंबर १९१३ मध्यें सत्याग्रह सुरू झाला. कस्तुरबा गांधींसह अनेक स्त्रिया तुरुंगांत गेल्या. ऑक्टोबरांत न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींत संप झाला, आणि दि. ६ नोव्हेंबर रोजीं ट्रान्सव्हालच्या हद्दीकडे जो जथा निघाला त्यांत गांधींनीं दिलेल्या गणतीप्रमाणें २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया व ५७ मुलें होतीं. नोंदवहींतले सुटे क्रमांक येथें कुटुंबें होऊन रस्त्यावर आलेले दिसतात.

इकडे गोखल्यांनीं आजारीपण बाजूस सारून निधि जमविला, तारांनीं वृत्त कळविलें, व अँड्र्यूज आणि पिअर्सन यांस आफ्रिकेस धाडलें. नोव्हेंबर महिन्यांत व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनीं मद्रासेस जाहीरपणें सत्याग्रहींविषयीं सहानुभूति दर्शवून चौकशीची मागणी केली. मग सॉलोमन चौकशी-मंडळ नेमलें गेलें, आणि सन १९१४ च्या कायद्यानें तीन पौंडांचा कर व त्याची थकबाकी रद्द होऊन हिंदी धर्मविधीनें झालेल्या विवाहास, एका पत्नीपुरती, मान्यता मिळाली.

७. फलित

या यशाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नाताळच्या हिंदी लोकांस मताधिकार मिळाला नाहीं. प्रवेशावरील व व्यापारावरील निर्बंध उठले नाहींत. आणि आफ्रिकेंतील प्रधानांशीं बोलतांना गोखल्यांनीं पुष्कळ सोडून दिलें अशी टीका स्वदेशांतही झाली. स्वतः गोखले दि. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं पुण्यास वारले. गिरमिटाचा अंत त्यांस पहावयास मिळाला नाहीं. सन १९१६ च्या मार्चमध्यें पंडित मदनमोहन मालवीय यांनीं तोच विषय कायदेमंडळांत पुन्हां आणला, तेव्हां सरकारनें तत्त्व मान्य केलें. सन १९१७ मध्यें भरती थांबली, व दि. १ जानेवारी १९२० रोजीं फिजीमधील उरलेलीं गिरमिटें रद्द झालीं. चार वर्षांपूर्वीं ३३ मतांनीं फेटाळलेलें तत्त्व सरकारनें स्वीकारलें, तें १९१२ च्या भाषणांतील मांडणी खोडतां न आल्यामुळेंच, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

गोखल्यांचे कागद आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहेत. कायदेमंडळाचीं कामकाजें छापील आहेत. नाताळच्या जहाज-याद्याही अभ्यासकांस उपलब्ध आहेत. राहिली तिसरी बाजू, म्हणजे मागें राहिलेल्या घरांची. मुंबई बंदरांतून मॉरिशसला मराठी भाषिक मजूर गेले व तेथें मराठी समाज आजही आहे. कोंकणांतून केपला गेलेल्या मुसलमान घराण्यांचा उल्लेख वर आलाच आहे. अशा घरांतून परदेशगमनाचे परवाने, पैसे पाठविल्याच्या पावत्या, साधीं ख्यालीखुशालीचीं पत्रें असण्याचा संभव आहे. त्यांवर मोर्तब नसेल व अक्षरही वळणदार नसेल. म्हणून तीं रद्दींत जाऊं नयेत. संग्राहकांनीं असा कागद हातीं येतांच तो कोणत्या घरांतला व त्या घरांत कोण कोण होतें, एवढें त्याच्याबरोबर अवश्य टिपून ठेवावें. वसाहतीच्या वहीनें जें लिहिलें नाहीं तें हेंच होय, आणि गोखल्यांनीं कायदेमंडळांत भांडून मागितलें तेंही हेंच होतें.