भांबुर्डा आणायला कोण जाणार?

पोपटी, म्हणजे मडक्यात शिजवलेल्या वालाच्या शेंगा, खायला सगळा गोतावळा जमतो. भांबुर्ड्याचा पाला आणायला मात्र भर दुपारी दोघं-तिघंच निघतात. पेण-रोह्याकडच्या पोपटीची चव ठरते ती तिथेच. भातकापणीनंतर बांधाच्या कडेला हे उग्र वासाचं तण आपसूक उगवतं. मडक्यात पाण्याचा थेंबही घालायचा नसतो. शेंगा शिजतात त्या स्वतःच्या आणि या पाल्याच्या ओलाव्यावर. एका वर्षी पाहुण्यांच्या सोयीसाठी पाला आदल्या दिवशीच तोडून ठेवला आणि तळाच्या शेंगा करपल्या. तेव्हापासून काकांचा दंडक आहे: पाला त्याच दिवशीचा नसेल तर चूल पेटवायची नाही.

मडकं भरायचं काम मामांचं. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नाहीत. तळाला भांबुर्डा, त्यावर जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे, रताळी, केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी आणि कच्ची अंडी, कवचासकट. जाळासाठी मडकं उपडं घालायचं असतं, म्हणजे आतला सगळा भार एकदा पालटणार. म्हणून अंड्यांना चहूबाजूंनी शेंगांची गादी लागते. अंडी ठेवताना मामा कुणाशी बोलत नाहीत. शेवटी तोंडाशी पाला असा ठासतात की उपडं केल्यावर एक शेंग खाली येत नाही.

मग पेंढा, काटक्या, गोवऱ्या. साधारण अर्धा-पाऊण तास जाळ. तापलेल्या मडक्यावर ओल्या हाताने पाणी शिंपडायचं. चर्र होऊन थेंब क्षणात उडाले की झाली पोपटी. मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याने घाईघाईत आधीच पाला उपसला होता. वाफ गेली, वाल कच्चे राहिले, आणि मामांनी त्या रात्री दुसरं मडकं भरलं. कवच फोडल्यावर अंड्याला येणारा तो ओव्याचा, धुराचा वास दुसऱ्या कुठल्याच अंड्याला येत नाही.

लंडनची मावसबहीण जानेवारीत आली की तिकडचं अंडं घेऊन येते. फ्राय कंपनीने 1963मध्ये काढलेलं आणि 1971पासून कॅडबरीच्या नावाने विकलं जाणारं क्रीम एग. चॉकलेटचं कवच, आत पांढरा-पिवळा साखरेचा मऊ गर. तिकडे ते नव्या वर्षापासून ईस्टरपर्यंतच दुकानात दिसतं. 2015मध्ये कंपनीने कवचाचं चॉकलेट बदललं, तेव्हा लोक केवढे चिडले होते ते ती अजून सांगते. मला तो राग कळतो. वर्षभर ज्याची वाट पाहिली त्याची चव तीच हवी असते.

पण क्रीम एग केव्हा विकायचं हे कंपनी ठरवते. आमच्याकडे पोपटीची वेळ ठरते जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर, कारण आमचा वाल त्यावरच पोसतो. म्हणून मे महिन्यात, केळीच्या पानात मटार भाजून पोपटी म्हणून वाढतात ते मला पटत नाही. कोंबडी चांगली लागते, नाही असं नाही. पण भांबुर्डा नाही, वाल नाही, तर तिला पोपटी कशी म्हणायची?

होळीच्या सुमारास शेंगा वेलावरच वाळायला लागतात. मग त्या झोडपून वाल साठवायचे, आणि पावसाळ्यात त्यांचंच बिरडं.