मिनिटं मोजताय?

लोकलच्या रुळांकडेच्या भिंती, एसटी स्टँडची मुतारी आणि आता मोबाइलवरच्या रील्सच्या मधेमधेही. 'शीघ्रपतन? एका कोर्समध्ये खात्रीशीर इलाज!' ही जाहिरात तुम्ही वाचलीच असेल. चारचौघांत हसलात आणि नंतर एकट्यानं नंबर सेव्ह केलात ना? लैंगिक ताकद वाढवण्याची हमी देणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. तरी धंदा जोरात, कारण गिऱ्हाईक लाजेनं गप्प बसतं.

मुळात लवकर म्हणजे किती लवकर? पॉर्नमधली मिनिटं कापून-जोडून केलेली असतात आणि हॉस्टेलवर मित्र सांगतो ती... जाऊ द्या. २००५मध्ये पाच देशांतल्या सुमारे पाचशे जोडप्यांनी चक्क स्टॉपवॉच लावून मोजलं. मधला आकडा निघाला ५.४ मिनिटं. म्हणजे निम्म्या जणांचं त्याआधीच आटोपत होतं!

नवखेपणा, कुणी येईल ही धास्ती, कसं जमेल याचं टेन्शन, यामुळे सुरुवातीला पटकन झालं तर तो आजार नव्हे. पहिल्यापासून जवळपास दर वेळी मिनिटभरात होतं, थांबवताच येत नाही आणि मनाला त्रास होतो, हे सगळं एकत्र असेल तर मात्र डॉक्टर गाठा. आधी ठीक होतं आणि आता अचानक बदललं, तरीही. त्यामागे थायरॉइड, प्रोस्टेटची सूज किंवा ताठरतेची अडचण असू शकते.

उपाय आहेत. जेम्स सीमन्स या अमेरिकन डॉक्टरांनी १९५६मध्ये सांगितलेली 'थांबा आणि पुन्हा सुरू करा' ही पद्धत आजही शिकवतात. उत्तेजना वाढू द्यायची, आता आवरणार नाही असं वाटण्याच्या जरा आधी थांबायचं, ओसरली की पुन्हा सुरुवात. आधी एकट्यानं, मग जोडीदाराला सांगून. दोन दिवसांत फरक पडत नाही, काही आठवडे द्यावे लागतात. गोळ्या आणि बधिर करणारे स्प्रेही असतात, पण ते डॉक्टरांनी दिले तरच. मित्राच्या स्ट्रिपमधली 'निळी गोळी' ताठरतेसाठी असते, यासाठी नाही.

जायचं कुणाकडे? एमबीबीएस फॅमिली डॉक्टर चालतील, नाहीतर युरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ. 'डॉक्टर, माझं लवकर होतं,' एवढं एक वाक्य बोला. कधीपासून, दर वेळी का, इतर कुठली औषधं चालू आहेत का, हे पुढचं तेच विचारतील.